अज्जाचं खाणं

१

अज्जाला आंघोळ घालायची म्हणजे आधी पदर खोचायचा, मग मनगटाला जुनं फडकं गुंडाळायचं आणि मग देवाचं नाव घेऊन पेटीचं दार उघडायचं, असा चन्नम्माचा क्रम ठरून गेला होता. फडकं त्याच्या नखांसाठी. अज्जा चावत नसे, पण उचलला की हाताला येईल त्याला लोंबकळत असे, आणि त्याची नखं म्हणजे बाभळीचे काटे. टबात कोमट पाणी घालायचं, त्यात त्याला गळ्यापर्यंत सोडायचं, पाण्यात गेल्या गेल्या त्याला जो कार्यक्रम हटकून उरकायचा असे तो उरकू द्यायचा आणि पाणी बदलायचं. सकाळी नऊ वाजता सरड्याची एवढी सेवा करणारी बाई साऱ्या जळकोटात ती एकटीच असेल. पूर्वी या गोष्टीचं तिला हसू यायचं.

तसा तो साधा सरडा नव्हता. इग्वाना होता. शेपटीसकट चार फूट लांब, हिरवट राखी रंगाचा, पाठीवर काट्यांची रांग आणि गळ्याखाली लोंबणारी कातडी. ती कातडी आणि अर्धवट मिटलेले डोळे बघूनच गायत्रीनं त्याला अज्जा म्हणायला सुरुवात केली. अज्जा म्हणजे कानडीत आजोबा, आणि या घरात निम्मं बोलणं कानडीच होतं. गायत्री पुण्यात औषधाच्या दुकानात नोकरीला होती. खोलीतली मैत्रीण लग्न करून गेली आणि हे जनावर मागं ठेवून गेली. पुढं गायत्रीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, नोकरी सुटली आणि ती गावी परतली ती एका हातात फायलींची पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकणाची टोपली घेऊन. टोपलीत काय आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, "आजोबा हायत."

महालिंगप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. हमरस्त्यावर त्यांचं सरकी पेंडीचं दुकान. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. पण हे जनावर अंडंसुद्धा खात नाही, नुसता पाला आणि फुलं खातं, असं कळल्यावर त्यांचा विरोध मावळला. वनखात्याकडं नोंदणी झाली, सुताराकडून जाळीची पेटी करून घेतली, माडीवरच्या खोलीत एक उबेचा आणि एक उन्हाचा असे दोन दिवे लागले. आठवड्यातून तीनदा सोलापूरला डायलिसिस आणि उरलेल्या दिवसांत अज्जा, असं गायत्रीचं दीड वर्ष गेलं. "आमी दोघं सारखेच हाव अव्वा," ती आईला म्हणायची. "दोघांना बी मापून दिलेलंच खावं लागतं."

माघात गायत्री गेली. चोवीस वर्षांची होती. शुद्धीवर असताना शेवटचं बोलली ते अज्जाबद्दलच. "त्याला उपाशी ठेवू नका."

आणि नेमकं त्याच दिवसापासून अज्जानं खाणं सोडलं. गायत्री त्याला शेवग्याचा पाला ओरबाडून द्यायची, दोडका नखाएवढा चिरायची, लाल भोपळा किसायची आणि वर जास्वंदीच्या पाकळ्या पसरायची. चन्नम्माच्या हातात तेवढं त्राण उरलं नव्हतं. ती आख्खी फांदी, आख्खा दोडका आणि भोपळ्याची फोड पेटीत टाकायची आणि संध्याकाळी सुकलेली बाहेर काढायची. असे नऊ दिवस गेले. पोरीनं एवढं एकच मागितलं होतं आणि तेही आपल्याच्यानं होत नाही, या विचारानं तिचा जीव तुटायचा.

दहाव्या दिवशी दुपारी ती वर गेली तेव्हा ताटली चाटूनपुसून साफ होती. अज्जा दिव्याखाली पोट टेकून सुस्त पडला होता. चन्नम्माला रडूच फुटलं. ती बराच वेळ तिथंच जमिनीवर बसून राहिली, आणि उठताना तिला शेवग्याच्या काड्या दिसल्या. पाला ओरबाडलेल्या काड्या ताटलीशेजारी एकीला लागून एक, सगळ्यांची बुडं एकीकडं, अशा ओळीनं ठेवल्या होत्या.

२

नवऱ्याचं काम, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. महालिंगप्पा दुपारी जेवायला घरी येत, तेव्हा गुपचूप वर जाऊन पोरीसारखं खाणं करून देत असणार. बोलून दाखवतील तर तो महालिंगप्पा कसला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण त्या आठवड्यात चन्नम्माला नवऱ्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. त्यांच्या ताटात ती शेंगाचटणी न मागता वाढू लागली. तेही तिच्याकडं मऊ नजरेनं बघायचे. दोघं काही बोलत नव्हते आणि न बोलण्यातच बरं चाललं होतं.

मग एका दुपारी हात धुता धुता महालिंगप्पा म्हणाले, "आज वर डोकावलो होतो. लई बारीक चिरतीस गं आता. अगदी तिच्यावानी."

"म्या?"

"मग कोण? दोडका बघितला की म्या. नखायेवढा."

चन्नम्मा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. "आवो, म्या तर फोड टाकते नुसती. माझे हात कसे थरथरत्यात, बघताय न्हवं तुमी."

महालिंगप्पांनी पंच्याला हात पुसले. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "तोच ओरबाडत असंल. नखं केवढी हायत त्याची."

"व्हय. तोच असंल," चन्नम्मा म्हणाली.

ते चप्पल घालून दुकानाला निघून गेले. दोघांपैकी कुणालाही ते पटलं नव्हतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी ते तोंडातून काढण्याची दोघांचीही तयारी नव्हती.

३

चन्नम्मा अडाणी नव्हती. सातवीपर्यंत शिकलेली होती आणि अंगात येणं वगैरे प्रकारांना नाक मुरडणारी होती. दुसऱ्या दिवशी तिनं खोलीच्या दोन्ही खिडक्या आतून लावल्या. शेजारचं मांजर, उंदीर, माकड, जे काय असेल त्याला वाट ठेवायची नाही, असा तिचा हिशेब. पेटीत लाल भोपळ्याची जाड सालासकटची फोड ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून खाली स्वयंपाकघरात येऊन बसली.

बारा वाजून गेले. ऊन असं की अंगणात कोंबडंसुद्धा नव्हतं. हमरस्त्यावरून एखादा ट्रक जायचा आणि मग पुन्हा सामसूम व्हायची. चन्नम्मा ज्वारी निवडत होती.

आणि वरून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. जरा थांबून पुन्हा तीनदा.

किसणीचा आवाज कुठल्या बाईला सांगावा लागत नाही. चन्नम्मानं मान वर केली. घरात किसणी एकच होती आणि ती समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली तिला दिसत होती. ती कोरडी होती आणि हलतसुद्धा नव्हती. वर मात्र कुणीतरी सावकाश, थांबून थांबून, थकल्या हातानं भोपळा किसत होतं.

आवाज थांबल्यावर ती वर गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत अज्जा खात होता. मान पुढं काढून, जीभ लांब करून, केशरी कीस चवीनं खात होता. साल वेगळं काढून बाजूला ठेवलेलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आला हे खरं, पण त्याच्या मागोमाग जे आलं ते सुख होतं. भर दुपारी, पोरीच्या खोलीत उभं राहून चन्नम्मा चक्क हसली. खाली येऊन तिनं महिन्याभरात पहिल्यांदा केस विंचरले, कपाळाला विभूती लावली, आणि उद्यासाठी घरातला सगळ्यात मोठा भोपळा काढून ठेवला.

४

त्यानंतर रोज वरचा आवाज सुरू झाला की ती जाऊन खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीशी बसू लागली. दार ओढून घेतलेलं असे. आत जायचं नाही, डोकवायचं नाही, नुसतं बसायचं. आतून एक बारीक घरघर यायची. उन्हाच्या दिव्याच्या चोकची ती घरघर तिच्या ओळखीची होती. गायत्री होती तेव्हापासून तो चोक कुरकुरत होता आणि बदलू बदलू म्हणत राहून गेला होता.

एका दुपारी बसल्या बसल्या तिचा डावा हात आपोआप पुढं झाला आणि दोन बोटं हवेत टेकल्यासारखी थांबली. ती सवय होती. डायलिसिसच्या मशीनला जोडता यावं म्हणून गायत्रीच्या डाव्या मनगटाशी डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या. तिथं कातडीखाली शीर फुगून आली होती, आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागायची. कान लावला तर भोवरा फिरल्यासारखा आवाज यायचा. ही घरघर रोज तपासा, ती चालू आहे तोवर काळजी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ चन्नम्मा पोरीच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. "चालू हाय का गं अव्वा दुकान?" गायत्री विचारायची. "चालू हाय," चन्नम्मा सांगायची आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिनं बोटं ठेवली तेव्हा तिथं काहीच नव्हतं. नर्सनं सांगण्याआधी तिला कळलं होतं.

हे सगळं आठवत ती बसली होती. तेवढ्यात जिन्यावरचा पंखा हळू झाला आणि थांबला. लाईट गेली होती. दाराखालच्या फटीतून येणारा दिव्याचा पिवळा पट्टाही विझला.

घरघर चालूच होती.

चन्नम्मानं श्वास रोखला. गावातले सगळे आवाज बंद झाले होते, पिठाची गिरणी, शेजारचा टीव्ही, सगळं. आणि दारापलीकडं, जमिनीपासून हातभर उंचीवर, भोवरा फिरत होता. मधूनच पाला ओरबाडल्याचा सर्र असा आवाज येई. पेटीची जाळी किंचित वाजे.

ती उठली नाही. दाराला हातही लावला नाही. लाईट येईपर्यंत पाऊण तास ती तो आवाज ऐकत बसली, आणि तिच्या तोंडून नकळत निघून गेलं, "चालू हाय गं. चालू हाय."

५

ईरण्णा तिचा थोरला भाऊ. नळदुर्गला असायचा, दर पंधरवड्याला बहिणीला बघून जायचा. त्या दिवशी आला तो तिचं विंचरलेलं डोकं आणि आत गेलेले गाल एकदमच बघून दचकला.

"जेवतीस का न्हाय तू?"

"जेवते की. भूक लागत न्हाय, त्याला म्या काय करू?" असं म्हणून चन्नम्मानं त्याला सगळं सांगून टाकलं. शेवग्याच्या काड्या, किसणी, घरघर, सगळं. सांगताना तिचे डोळे चमकत होते. ईरण्णा ऐकत होता. त्याचा चहा निवून गेला.

"चन्ना," तो शेवटी म्हणाला, "मातीच्या दिवशी तू काय बोललीस, आठवतंय का?"

तिला आठवत नव्हतं. निदान असं तिनं ठरवलं होतं.

समाजाच्या स्मशानभूमीत खड्डा खणून, आत कोनाडा करून गायत्रीला बसवलं होतं. मांडी घालून, कपाळभर विभूती लावून, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवून. स्वामी मंत्र म्हणत होते. एकेकानं पुढं व्हायचं, बेलाचं पान नि विभूती वाहायची आणि मागं सरायचं. शिवाशी एकरूप झालेल्या माणसाला रडून थांबवायचं नसतं, हे लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर होतं. चन्नम्माची पाळी आली तेव्हा ती मागं सरली नाही. काठाशी गुडघे टेकून ती ओरडली होती, "गायत्रे, अज्जाला कोण गं खाऊ घालणार आता? मला न्हाय जमायचं ते! तूच येऊन घाल! ये म्हणते न्हवं! ये!" दोघांनी धरून मागं ओढेपर्यंत तिची हाक थांबली नव्हती.

"दुःखात माणूस काय बी बोलतं, अण्णा," ती आता म्हणाली.

"माणूस बोलतं. पण ऐकणाऱ्यानं काय करायचं?" ईरण्णाचा आवाज खाली आला. "दुसऱ्यांत माणसाला आडवं करत्यात. निजलेल्याला हाक ऐकू येत नसंल बी. आपण बसवतो. बसल्या माणसाला आईनं हाक मारली तर ते उठणारच की गं."

चन्नम्मा चवताळली. "येती तर येऊ दे! माझी पोर माझ्या घरात येती. तुमाला काय तरास हाय त्याचा?"

"मला न्हाय," ईरण्णा म्हणाला. "तिला हाय का, ते बघितलंस का तू?"

६

त्या प्रश्नानं तिची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसली नाही. जिना स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होता. त्या भिंतीशी चुलीमागं ती उभी राहिली आणि तिनं कान दिला.

बारा वाजून गेल्यावर पायरी वाजली. अनवाणी पाऊल. मग दुसरी पायरी. जिना चौदा पायऱ्यांचा होता आणि आजारपणात गायत्री सातवीवर थांबून भिंतीला हात लावून दम घ्यायची. पावलं सातवीवर थांबली. भिंतीपलीकडं, चन्नम्माच्या कानापासून वीतभर अंतरावर, कुणीतरी धापा टाकत होतं. तोंडानं घेतलेला, घशात अडकणारा श्वास. डायलिसिस लांबलं की गायत्रीच्या छातीत पाणी भरायचं, तेव्हा ती असाच श्वास घ्यायची. चन्नम्मा ते ऐकून दोन-दोन रात्री तिला टेकून बसवून काढायची. पायऱ्या संपायला किती वेळ लागला कोण जाणे. चन्नम्माची पाठ घामानं भिजली होती.

मग चन्नम्मा वर गेली. पहिल्यांदाच दार बोटभर ढकललं आणि फटीला डोळा लावला.

अज्जा पेटीच्या कडेशी आला होता. डोळे मिटून मान उंच केली होती, आणि त्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत खळगा पडत होता. एक, मग दुसरा, खालून वर सरकत जाणारा. गायत्री त्याला खाजवायची तसा. एवढं दिसलं, आणि मग फट किंचित रुंदावली तेव्हा पेटीच्या कोपऱ्यावर टेकलेलं कोपर दिसलं.

नुसतं कोपर. त्याच्या खाली फुगलेली शीर आणि तिच्यावर चिकटवलेली, कडा निघालेली पांढरी पट्टी. हात वाळून काडी झाला होता. कोपराला मातीचा ओला डाग होता. सगळ्या अंगाचा भार त्या एका कोपरावर टाकून कुणीतरी उभं होतं, आणि ते कोपर थरथरत होतं.

चन्नम्मानं दार ओढून घेतलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. मेल्यावर तरी दमणं संपलं असेल, एवढाच एक दिलासा तिनं इतके दिवस उराशी धरला होता. पोरीला जिने चढायला लावत होती ती स्वतः. रोज मोठ्यातला मोठा भोपळा काढून ठेवत होती. त्या पायरीवर तिला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी कधी कुणाची आली नव्हती.

७

सोलापूरला रणधीर नावाचा माणूस असली जनावरं सांभाळायचा. गायत्री त्याला फोन करून अज्जाच्या बारीकसारीक गोष्टी विचारायची. महालिंगप्पांनी त्याला बोलावून घेतलं. चन्नम्मानं काय बघितलं ते त्यांनी विचारलं नाही. ती फक्त म्हणाली होती, "पोरगी दमलीय आवो," आणि ते तिथंच भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले होते.

रणधीर पिंजरा घेऊन आला. तरतरीत, बोलका माणूस. त्यानं अज्जाला उलटसुलट करून बघितलं, नखं बघितली, जबडा चाचपला.

"काकू, लई भारी ठेवलाय. कोण करतं याचं?"

"पोरगीच करायची," चन्नम्मा म्हणाली.

"आता माझ्याकडं दोन माद्या हायत, मोठा पिंजरा हाय. काय काळजी करू नका. बारीक चिरूनच घालीन."

अज्जा गेला. जाताना त्यानं चन्नम्माच्या मनगटाला धरलं होतं, फडक्याशिवाय, आणि नखं सोडवताना चार ओरखडे उठले. त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, ती नवऱ्याबरोबर स्मशानभूमीत गेली. माती अजून खचली नव्हती. बेलाचं पान ठेवून ती वाकली आणि जे माघातच बोलायला हवं होतं ते बोलली.

"गायत्रे, अज्जा चांगल्या घरी गेला. आता तुला उठायचं काम न्हाय. आमी बी नीट राहू. तू बस गं बाई निवांत."

महालिंगप्पांनी तिचा दंड धरून तिला उठवलं. परतीच्या वाटेवर ती रडली नाही. आपण आई म्हणून शेवटचं काम बरोबर केलं, असं तिला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

८

तीन दिवस जिना वाजला नाही. वरची खोली महालिंगप्पांनी झाडून घेतली, दिवे काढून ठेवले. रणधीरचा फोन आला की अज्जा दोन्ही वेळा खातोय. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं.

आणि घर खायला उठलं. चन्नम्मा सकाळी सवयीनं पदर खोचायची आणि मग पदर खोचून काय करायचं ते तिला कळायचं नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तो हातातच राहायचा. महालिंगप्पा विनवण्या करायचे, रागवायचे, कधी नुसते बघत बसायचे.

"आमी नीट राहू म्हणून कबूल करून आलीस न्हवं?" चौथ्या दिवशी ते म्हणाले. "मग खा की चार घास. माझ्यासाठी तरी खा."

"खाते. तुमी जावा दुकानाला."

ते गेले. स्वयंपाकघरात ती, समोर पाट, पाटासमोर ताट. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, बाजूला मीठ. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती पाणी घ्यायला माठाकडं वळली. तांब्या भरला, वरचं पाणी निथळू दिलं आणि मागं फिरली.

भाकरी कुस्करलेली होती. आमटीत नीट भिजवून, कालवून, तिचे लहान लहान घास करून ताटाच्या कडेनं मांडले होते. पाच घास. ती जवळ येऊन बसली तेव्हा प्रत्येक घासावर तीन बोटांचे ठसे उमटलेले तिला दिसले. आमटीत किंचित माती होती.

पाटाच्या पलीकडं कुणीतरी धापा टाकत होतं.

काय करायला हवं ते चन्नम्माला पक्कं ठाऊक होतं. एक घास स्वतःच्या हातानं उचलून तोंडात घालायचा. मग म्हणायचं, खाल्लं गं, पोट भरलं, आता जा. एवढंच करायचं होतं. तिचा उजवा हात ताटाकडं निघालासुद्धा. समोरचा श्वास घशात अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. किती दमली होती पोर. किती लांबून आली होती.

"गायत्रे," ती म्हणाली. "लई दमलीस का गं?"

कडेचा पहिला घास ताटातून थोडा वर उचलला गेला आणि थरथरत तिथंच थांबला.

चन्नम्मानं दोन्ही हात मागं घेऊन पदराखाली घट्ट धरले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.